भावाच्या नावाची पट्टी

गेल्या महिन्यात कंट्री गाणंवाल्यांच्या संघानं एक जाडजूड पुस्तक छापलं. ‘उत्तम पुरुष गायक’ या पुरस्काराचा चाळीस वर्षांचा इतिहास. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, उचलताना मनगट दुखावं एवढं वजन. मला फुकट पाठवलं, कारण ट्रॉफीवर नावं घालायचं काम आमच्या दुकानात व्हायचं. मी चष्मा लावला आणि थेट १९७७ साल काढलं. ब्रेंट लँड्रिथचा फोटो, बत्तिशी दाखवत. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ: ‘हॉलिस टॅकेट यांनी पुरस्कार स्वखुशीने सोडल्यामुळे.’

स्वखुशीनं म्हणे! डोंबलाची स्वखुशी. आणि आर्वेल टॅकेटचं नाव तर त्या पुस्तकात शोधून सापडत नाही. वीस वर्षं ज्यानं या लोकांची नावं पितळेत कोरली, त्याच्यासाठी चारशे पानांत अर्धी ओळ निघाली नाही. तर मीच सांगते. मी नेव्हा प्रुइट. नॅशव्हिलला गॅलॅटिन रोडवर टॅकेटचं ट्रॉफ्यांचं दुकान होतं, तिथं मी एकतीस वर्षं गल्ल्यावर बसले. मला गोड बोलता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आर्वेल आणि हॉलिस ही स्मिथ काउंटीतल्या एका तंबाखूवाल्याची पोरं. त्यांच्या आईनं पहिल्या बाळासाठी टोपडी-दुपटी आधीच शिवून ठेवली आणि ते बाळ मेलेलं जन्मलं. तेव्हापासून तिनं ठरवलं, मूल रडल्याचं कानांनी ऐकल्याशिवाय सुईत दोरा ओवायचा नाही. आर्वेल जन्मला तेव्हा त्याला बापाच्या जुन्या शर्टात गुंडाळलं. चार वर्षांनी हॉलिस झाला, त्याला पिठाच्या पोत्यात. ‘आधी शिवलं की रिकामं राहतं,’ असं ती म्हणायची, आणि दोघा भावांच्या डोक्यात ते बायबलमधल्या वचनासारखं पक्कं बसलं होतं.

चर्चमध्ये दोघं एकत्र गायचे. हॉलिसचा आवाज वरचा, आर्वेलचा खालचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर दोघं बसनं नॅशव्हिलला आले, एका खोलीत एका पलंगावर राहिले. दोघांनी गायचं म्हटलं तर चूल कशी पेटणार? म्हणून आर्वेलनं एका म्हाताऱ्या कोरणाऱ्याच्या हाताखाली काम धरलं. खेचरांच्या प्रदर्शनाचे बिल्ले, बोलिंगचे कप, निवृत्त पाद्र्यांच्या पाट्या. पुढं म्हातारा गेला आणि दुकान आर्वेलकडे आलं. त्यानं लग्न केलं नाही. दुपारी थंड रताळं आणि ताक, एवढंच जेवण. रेडिओवर हॉलिसचं गाणं लागलं की हातातली कोरणी खाली ठेवायचा आणि हळूच खालचा सूर धरायचा. मी एकदा विचारलं, ‘तू का नाही रे गेलास गायला?’ तर म्हणाला, ‘खालचा आवाज एकटा कोण विकत घेतं, नेव्हा?’

पुरस्काराची सुरुवात झाली ती अगदी साधी. १९५८ साली एका हॉटेलच्या जेवणाच्या खोलीत चाळीस माणसं, तळलेली कोंबडी आणि भाषणं. अक्रोडाच्या लाकडाचा ठोकळा, त्यावर पितळेचं फिडल, म्हणजे गावठी व्हायोलिन. पहिला जिंकलेला केंटकीचा गायक ती ट्रॉफी टॅक्सीतच विसरून गेला. नाव कोरायचं ते आठवड्याभरानं, सवडीनं. मग टीव्ही आला. एका पीठवाल्या कंपनीनं कार्यक्रमाला पैसे दिले आणि हट्ट धरला, की जिंकलेल्याच्या हातात ट्रॉफी आली की त्यावरचं नाव लोकांना घरबसल्या दिसलं पाहिजे. आता नाव तर पाकीट फोडेपर्यंत कोणालाच ठाऊक नाही. सगळे डोकं धरून बसले, तेव्हा आर्वेलनंच तोड काढली. ठोकळ्याला त्यानं एक खाच पाडली. स्पर्धेतल्या पाचही गायकांच्या नावाच्या पाच पट्ट्या आधीच कोरून न्यायच्या, पडद्यामागं थांबायचं, नाव पुकारलं की ती पट्टी खाचेत सरकवायची. गायक खुर्चीतून उठून पायऱ्या चढेपर्यंत चाळीस सेकंद मिळायचे. तेवढे पुरायचे. पट्ट्यांचा डबा धरायला मी जायचे, माझा तो एकमेव चांगला ड्रेस घालून.

उरलेल्या चार पट्ट्यांचं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी संघाचे मिस्टर कॉर्बिट दुकानात येऊन बसायचे आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आर्वेलनं त्या चार पट्ट्या ऐरणीवर ठेवून हातोड्यानं ठेचायच्या. नाहीतर एखादा हरलेला पट्टी घरी नेऊन जिंकल्याचा टेंभा मिरवायचा. एकेक पट्टी कोरायला आर्वेलला दोन तास लागायचे. ठेचायला मिनिटभर.

१९६८ला हॉलिसचं नाव पहिल्यांदा पाचात आलं. आर्वेलनं त्याची पट्टी अशी कोरली, की मी पंधरा मिनिटं हातातून खाली ठेवली नाही. तो हरला. सकाळी आर्वेलनं ती ठेचली आणि दुपारी हॉलिसचा फोन आला. फोन मीच कानाशी धरला होता, कारण आर्वेलचे हात तेलकट.

‘काय रे दादा, माझ्या नावाला किती घाव घातलेस?’

‘पाच.’

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ‘किती घातलेस?’ ‘सहा.’ ‘बघ, जाड होत चाललोय मी!’ आणि दोघं खो-खो हसत सुटले. एकाहत्तरला हसले, पण थोडंच. बाहत्तरला हॉलिसनं फोन केला नाही, आर्वेलनं केला. पंच्याहत्तरला कोणीच केला नाही.

तो हरायचा ते गाणं वाईट म्हणून नव्हे. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांत कारकुनापासून टायपिस्ट पोरींपर्यंत सगळ्यांना मत असायचं, आणि साहेब सांगेल तिथं खूण व्हायची. लँड्रिथच्या कंपनीत माणसं दोनशे. हॉलिसच्या कंपनीत मालक, मालकाची बायको आणि एक ड्रायव्हर. पण हे त्याला कोण सांगणार? त्यानं ते आपल्याच नरड्यावर घेतलं.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याचं ते नरडंच गेलं. कॅन्सर. डॉक्टरनं सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, एक नोव्हेंबरला ऑपरेशन. आणि देवाची करणी बघा, त्याच साली सहाव्यांदा त्याचं नाव पाचात आलं. समारंभ ऑक्टोबरच्या दहा तारखेला. सप्टेंबरात एकदा तो दुकानात आला, स्टुलावर बसला. आवाज असा, जसं कोणी खडीवरून खुर्ची ओढतंय.

‘मिस नेव्हा,’ तो म्हणाला, ‘मी देवाकडे काही फार मागत नाही. हा आवाज जायच्या आत एकदा माझं नाव पुकारलेलं ऐकायचंय, आणि या तोंडानं थँक यू म्हणायचंय. मग काढून घेऊ दे त्याला काय काढायचंय ते.’

‘मिळेल रे,’ मी म्हटलं. काय म्हणणार?

आर्वेल आतल्या टेबलाशी पाठ करून बसला होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

दहा तारखेला भर दुपारी मी पट्ट्या डब्यात लावत होते. डब्याला आतून हिरवं बनातीचं कापड लावलेलं, पाच कप्पे. दरवर्षी मीच एकेक पट्टी उचलून स्पेलिंग तपासायची. चार झाल्या. पाचवी उचलली तर लख्ख घासलेलं, चकचकीत पितळ, त्यावर एक रेघसुद्धा नाही.

‘आर्वेल! हॉलिसची पट्टी कोरी आहे.’

‘ठाऊक आहे मला.’

‘ठाऊक आहे म्हणजे? वेडा झालास की काय? दोन वाजलेत, अजून वेळ आहे. बस टेबलाशी.’

तो उठला, दुकानाचं दार लोटलं आणि माझ्यासमोर उभा राहिला. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला होता.

‘नेव्हा, मी पाच वेळा आधी शिवून ठेवलं. पाचही वेळा रिकामं राहिलं. माझ्या हातानं त्याचं नाव कोरलं की तो हरतो. या वेळी नाही कोरणार. या वेळी तो जिंकू दे. मग मी रात्रभर बसून कोरीन. त्याला सांगीन, आईचं ऐकलं म्हणून झालं. तो हसेल बघ.’

‘आणि टीव्हीवर?’

‘टीव्ही गेला खड्ड्यात. बाईसाहेब, आता एवढं करा. कोणाला बोलू नका.’ तो मला बाईसाहेब म्हणाला की समजायचं, गडी रडायच्या बेतात आहे.

मी ‘बरं’ म्हटलं आणि डबा बंद केला. आता खरं तेच लिहिते. मी गप्प बसले ते त्याची समजूत मला पटली म्हणून नव्हे. माझ्या मनात आलं, करू दे मेल्याला काय करायचंय ते, नाहीतरी ही पट्टी कोण मागणार आहे? उद्या ठेचायला एक कमी.

संध्याकाळी पडद्यामागं मिस्टर कॉर्बिटनी कप्पे मोजले. पाच. पट्ट्या पालथ्या ठेवलेल्या, त्यांनी उलटून पाहिल्या नाहीत. साडेसातला पाकीट फुटलं आणि निवेदकानं नाव वाचलं. हॉलिस टॅकेट.

आर्वेलनं माझे दोन्ही दंड धरले. ‘निघालं! नेव्हा, निघालं गं त्याचं नाव! जिंकला माझा भाऊ!’ तो ओक्साबोक्शी रडत होता, हसत होता, मला गदागदा हलवत होता. बाहेर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग त्याचा हात सवयीनं डब्याकडे गेला आणि मधेच थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आजही जेवू देत नाही. ट्रॉफी न्यायला आलेली मुलगी म्हणत होती, ‘लवकर, सर, लवकर.’ खाच रिकामी ठेवली असती तर आतलं कच्चं लाकूड दिसलं असतं. त्यानं ती कोरी पट्टी सरकवली.

हॉलिस माइकसमोर उभा राहिला. त्यानं घरी भाषण पाठ केलं होतं, त्याची बायको इमोजीन मला नंतर म्हणाली. तोंड उघडलं, आणि कॅमेरा जवळ आला तसं त्यानं नाव दाखवायला ट्रॉफी फिरवली. बघतो तर काय! वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. सगळ्या देशानं बघितलं. ‘थँक यू’ एवढंच तो म्हणाला, तेही अर्धं फुटलं, आणि आत आला.

‘आर्वेल, माझं नाव कुठंय?’

‘अरे ऐक, मी सांगतो तुला...’

‘कोरलंच नव्हतंस?’

‘ऐकून तर घे रे, आईनं...’

तेवढ्यात फोटोवाले घुसले आणि हॉलिसला ओढून घेऊन गेले. हॉलिसच्या तोंडून आर्वेलनं ऐकलेले ते शेवटचे शब्द.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणतात ना, तसं झालं. सकाळी पेपरात पहिल्या पानावर कोऱ्या पट्टीचा फोटो. संघानं सांगितलं, मोजणी बरोबर आहे, नाव बरोबर आहे. पण गावाला मोजणीशी काय देणंघेणं? कोपऱ्यावरच्या खाणावळीत लोक पावासारखी मऊ बिस्किटं रस्स्यात बुडवत म्हणायचे, ‘कोरणाऱ्याला सगळं आधी कळतं. सख्ख्या भावानं पट्टी कोरली नाही, म्हणजे काय ते समजा.’ कोणी म्हणालं निवेदकानं चुकीचं पाकीट फोडलं. कोणी म्हणालं आजारी माणसाला दया म्हणून दिलं. मतपत्रिका रीतीप्रमाणं त्याच दिवशी जाळलेल्या. पुन्हा मोजायचं म्हटलं तरी मोजणार काय? मी खाणावळीत दोघांशी भांडले, एकाच्या अंगावर कॉफी सांडली. उपयोग शून्य.

आर्वेलनं त्याच रात्री पट्टी कोरली आणि दुसऱ्या दिवसापासून हॉलिसच्या दारात खेपा घालायला लागला. इमोजीन जाळीच्या दारातून म्हणायची, ‘झोपलाय.’ एकवीस दिवस तो झोपलेलाच होता. फोन केला तरी झोपलेला. मी म्हटलं, ‘पत्र लिही.’ आर्वेलनं तीन लिहिली, तिन्ही न फोडता परत आली. एक नोव्हेंबरला ऑपरेशन झालं.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या आठवड्यात इमोजीनचा फोन आला. या म्हणाली, सकाळी दहाला. आर्वेलला गाडी चालवण्याचं भान नव्हतं, म्हणून मी चालवली. शेजारच्या मॅडिसनला त्यांच्या घराच्या मागच्या ओसरीत हॉलिस रजई पांघरून बसला होता. गळ्याला पांढरी पट्टी, तिच्यामागं भोक, आणि श्वास त्या भोकातून येत-जात होता. मांडीवर वही, शिसपेन्सिल. शेजारी तिपाईवर ती ट्रॉफी.

आर्वेल गुडघ्यावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. आई, टोपडी, पिठाचं पोतं, पाच वेळचे घाव. इतका वेळ बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मग खिशातून रुमालात गुंडाळलेली पट्टी काढली. ‘घालतो रे खाचेत. एक मिनिट लागेल.’

हॉलिसनं हातानं त्याला थांबवलं आणि लिहिलं. वही आमच्याकडे वळवली.

‘दादा, तू पाच वेळा कोरलंस आणि पाच वेळा ठेचलंस. कंटाळलास. मीही कंटाळलो असतो.’

‘नाही रे बाबा! कंटाळून नाही! तू जिंकावास म्हणून!’

हॉलिसचे खांदे हलले. हसत होता तो, बिनआवाजी. त्यानं लिहिलं, ‘राग नाही. तुलाही वाटलं नाही मी जिंकेन. कोणालाच नाही वाटलं. मलाही नाही.’

‘आईची शपथ घेतो, हॉलिस!’ आणि मग आर्वेल माझ्याकडे वळला. ‘नेव्हा, सांग त्याला. तू होतीस ना तिथं? मी काय बोललो ते सांग.’

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. तो जिंकावा म्हणूनच यानं नाव कोरलं नाही, दार लोटून माझी विनवणी केली, हे सगळं. हॉलिस मन लावून ऐकत होता. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर काहीतरी सैल झालं, मला वाटलं आता पटतंय, आता पटलं. त्यानं पेन्सिल उचलली.

‘मिस नेव्हा, दुकानातून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू तू तपासतेस. वेळ होता. तू का नाही भांडलीस? तुला काय वाटलं होतं?’

मी काही भित्री बाई नाही. उभ्या गॅलॅटिन रोडला माझ्या तोंडाची दहशत. म्हणायचं होतं, ‘मलाही वाटलं, या वेळी तू जिंकणार.’ सहाच शब्द. तोंड उघडलं, पण त्याच्या डोळ्यांत बघून ते शब्द बाहेर येईनात. फार तर दोन सेकंद गेले असतील. मग मी घाईघाईनं ‘मला वाटलं तू...’ असं काहीतरी सुरू केलं, पण त्यानं मान हलवली. हसून. आर्वेलच्या हातावर दोनदा थोपटलं, लहान पोराला थोपटावं तसं, आणि वहीचं पान उलटलं.

‘ही लँड्रिथला जाऊ दे. मी संघाला कळवतो. त्याचं नाव तू कोर, दादा. सुरेख कोर.’

आर्वेल त्याच्या पायांशी बसून राहिला. शेवटी इमोजीन येऊन म्हणाली, ‘आता दमलाय तो.’ ट्रॉफी मी उचलली. हॉलिस मार्चात गेला. तोवर लँड्रिथच्या नावाची नवी पट्टी संघाकडे पोचली होती, कारण त्याची आधीची तर ठेचून झाली होती. आर्वेलनं ती सुरेख कोरली. संघानं त्यानंतर आम्हांला काम दिलं नाही.

त्या सकाळी परतताना मी गाडी चालवत होते, ट्रॉफी मागच्या सीटवर. गॅलॅटिन रोड लागला. आर्वेल खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘खोटं बोलायचं होतंस गं, नेव्हा.’

‘हो,’ मी म्हटलं.